एडन मॉफॅट ऐकायचाय, पण सुरुवात कुठून करायची? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

परवा एका मैत्रिणीने विचारलं, तू सारखं ज्याचं नाव घेतेस तो स्कॉटिश माणूस नक्की गातो की बोलतो, आणि मी ऐकायला घेतलं तर कुठून घेऊ? तिला व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करता करता ते इतकं लांबलं की म्हटलं आता नीट लिहूनच काढू, अजून कोणाला उपयोग होईल.

आधी थोडक्यात ओळख. एडन मॉफॅट, जन्म १९७३, गाव फॉलकर्क. ग्लासगो आणि एडिनबरा यांच्या मधलं गाव आहे, ट्रेनने कुठलंही गाठायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. १९९५ मध्ये त्याने आणि गिटार वाजवणाऱ्या माल्कम मिडलटनने मिळून ॲरब स्ट्रॅप नावाचा बँड काढला, २००६ ला बंद केला, २०१६ ला परत एकत्र आले. मधल्या काळात आणि नंतरही एडनने दुसऱ्या लोकांबरोबर रेकॉर्ड्स केल्या. तो बऱ्याचदा गात नाही, बोलतो. आवाज खालचा, माईक तोंडाजवळ, म्हणजे हेडफोन लावला की शेजारी बसून कोणीतरी रात्री दोन वाजता आपल्याला खरं खरं सांगतंय असं वाटतं. आणि सांगतो काय, तर प्रेमात पडल्यावरचं पुढचं सगळं: संशय, कंटाळा, दारू, बिछाना, दुसऱ्या दिवशी सकाळी वाटणारी लाज, आणि त्यातून कधीतरी अचानक येणारी माया.

मी स्वतः सगळं उलटं केलं होतं. ग्लासगोला एक वर्ष शिकायला होते तेव्हा कोणीतरी म्हणालं ॲरब स्ट्रॅपचा १९९८ चा फिलोफोबिया ऐक, त्याच्यासारखा अल्बम नाही. मी रविवारी पोळ्या करताना स्पीकरवर लावला, बाजूला फोनवर घरच्यांचा व्हिडिओ कॉल चालू. त्या अल्बमचं पहिलंच वाक्य शरीराबद्दल इतकं उघड आहे की मी पोळी तव्यावर तशीच टाकून बंद करायला धावले, आणि पुढे चार महिने या माणसाच्या वाटेला गेले नाही. चार महिने फुकट गेले याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक अल्बमची नव्हती, चूक क्रमाची होती.

काय काय लागेल

- हेडफोन. साधे वायरवाले चालतील पण हेडफोनच हवेत. स्पीकरवर हा माणूस नुसता पुटपुटतो, कानात मात्र श्वाससुद्धा ऐकू येतो.
- समोर गाण्याचे शब्द. पहिल्या वेळी वाचत वाचत ऐका.
- एक वही किंवा फोनमधली नोट, बोलीतल्या शब्दांसाठी. पायरी ३ मध्ये सांगते.
- साधारण ४५ मिनिटं सलग, शक्यतो रात्री. शफल बंद.
- एकांत. मुलं, आईबाबा, ऑफिसातले लोक आजूबाजूला असताना नको. शिव्या आहेत, शरीराचे उल्लेख आहेत, आडपडदा नाही.

पायरी १: शोधताना नीट शोधा

किरकोळ वाटेल पण इथेच निम्मे लोक अडकतात. बँडच्या नावाचा मूळ अर्थ प्रौढांच्या वापराच्या एका वस्तूशी जोडलेला आहे, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर नुसतं ते नाव टाकून इमेजेस उघडू नका, सोबत बँड किंवा एडन मॉफॅट असं लिहा. दुसरं, याच शब्दांचा एक खूप गाजलेला अल्बम १९९८ मध्ये बेल अँड सेबॅस्टियन या दुसऱ्या ग्लासगोच्या बँडने काढला होता, नाव या मंडळींवरूनच घेतलं, पण संगीत पूर्ण वेगळं, गोड. तो लावून लोक म्हणतात की हे तर छान हलकंफुलकं आहे. तो अल्बम चांगलाच आहे, पण आपण शोधतोय तो हा नाही. तिसरं, एडन एल. पिएर या नावानेही रेकॉर्ड्स काढायचा, त्यात सगळा भर नुसत्या वाद्यांवर, त्याचं बोलणं नाही. त्याच्या शब्दांसाठी आलात तर तो ढीग सध्या बाजूला ठेवा.

पायरी २: त्याच्या तरुणपणापासून नाही, त्याच्या चाळिशीपासून सुरू करा

हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. पहिला ऐकायचा तो २०११ चा एव्हरीथिंग्ज गेटिंग ओल्डर, बिल वेल्स या पियानो वाजवणाऱ्या स्कॉटिश संगीतकाराबरोबर केलेला. याच रेकॉर्डला २०१२ मध्ये स्कॉटिश अल्बम ऑफ द इयर हा पुरस्कार मिळाला, तो पुरस्कार सुरू झाल्याचं पहिलंच वर्ष, बक्षीस २०,००० पाउंड. पण मी सुचवते ते बक्षिसासाठी नाही. इथे पियानो आहे, चाल हळू आहे, आणि बोलणारा माणूस चाळिशीला टेकलेला, थोडा निवलेला आहे. त्याच्याशी आधी ओळख झाली की मग त्याच्या विशी-पंचविशीतला उद्धटपणा सहन होतो, नाहीतर नाही.

त्यातलं द कॉपर टॉप हे गाणं पहिलं घ्या. एक माणूस अंत्यसंस्काराहून येतो आणि एकटाच पबमध्ये बसतो. अंगावर सूट. आणि तो बोलतो त्या सूटबद्दल, म्हणजे असे कपडे आपण आयुष्यात कधी कधी घालतो, कोणी जन्मलं की, कोणाचं लग्न असलं की आणि कोणी गेलं की. बस्स एवढंच. गेलेल्या माणसाचे गोडवे गात नाही, रडत नाही, पावसाचं वर्णन करत नाही. पियानो मागे चार सूर वाजवतो आणि थांबतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या घरातलं कपाट आठवलं. बाबांचा एकच सफारी सूट होता, लग्नाला पण तोच आणि स्मशानातून आल्यावर धुवायला टाकायचा तो पण तोच. मला वाटतं या माणसाची सगळी कला त्या एका गाण्यात दिसते. दुःखाला हात न लावता दुःखाच्या शेजारची वस्तू उचलायची आणि ती नीट, बारकाईने दाखवायची. भावगीतं ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला हे आधी कोरडं वाटतं, कारण आपल्याला चांदणं, मोगरा, वाट बघणं यातून भावना पोचायची सवय असते. इथे तसलं काही मिळत नाही म्हणून घाई करून बंद करू नका, दोनदा ऐका.

त्याच अल्बममध्ये ग्लासगो ज्युबिली आहे. एकाची भेट दुसरीशी, दुसरीची तिसऱ्याशी अशी साखळी करत एका शहरातली रात्र फिरून येते. तेही याच पायरीत ऐकून टाका.

पायरी ३: बोली

इंग्रजी येतं म्हणून समजेल असं धरून चालू नका. मूळचा पुणेकर पहिल्यांदा मालवणी ऐकताना कसा होतो, अर्धं समजतंय असं वाटतं आणि नेमकं महत्त्वाचं सुटतं, तसंच. स्कॉट्स ही त्यांची स्वतःची भाषा आहे, २०११ च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी ती बोलता येते असं सांगितलं. एडन पूर्ण स्कॉट्स बोलत नाही, पण उच्चार तिकडचे आणि शब्द अधूनमधून येतात.

माझ्या वहीतले काही, थेट कामाला येणारे: आय म्हणजे हो. वी म्हणजे छोटं, पण प्रेमाने, आपल्या "जरासं" सारखंही वापरतात. केन म्हणजे माहीत असणं. कॅने आणि डिन्ने म्हणजे जमत नाही आणि नको करू. स्टीमिन म्हणजे दारू चढलेला, आणि यासाठी त्यांच्याकडे अजून बरेच शब्द आहेत. टी म्हणजे चहा नाही, संध्याकाळचं जेवण. मेसेजेस म्हणजे किराणा. ग्लासगोत कोणी "हाउ?" विचारलं तर बऱ्याचदा त्याला "का?" म्हणायचं असतं. लहान मुलाला पूर्वेकडे बेर्न म्हणतात आणि ग्लासगोकडे वेन. फॉलकर्कच्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच द बेर्न्स आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, ग्रीटिन. माझ्या फ्लॅटमध्ये एक फॉलकर्कची मुलगी होती. एकदा रात्री किचनमध्ये ती म्हणाली की काल बसमध्ये एक बाई तिच्यासमोर बसून ग्रीटिन होती, पूर्ण वेळ, अगदी स्टॉप येईपर्यंत. मी म्हटलं किती छान, अनोळखी माणसाशी इतकं कोण बोलतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. ग्रीट म्हणजे रडणं. ती बाई रडत होती. त्या दिवशी मला कळलं की मी आत्तापर्यंत ऐकलेल्या गाण्यांमधून किती रडणं माझ्या डोक्यावरून गेलं असेल. त्याच रात्री वही सुरू केली.

पायरी ४: आता मागे जा, १९९६

द फर्स्ट बिग वीकेंड, ॲरब स्ट्रॅपचं पहिलं सिंगल, ग्लासगोच्या केमिकल अंडरग्राउंड लेबलने काढलेलं. ड्रम मशीन, गिटारचे तेच तेच सूर, आणि वर एक पोरगा सांगतोय की गुरुवारपासून पुढचे चार-पाच दिवस काय काय केलं. कुठे प्यायलो, कोण भेटली, रविवारी मित्राकडे जाऊन टीव्हीवर सिम्पसन्स बघितलं. संदर्भ माहीत असला तर जास्त मजा येते: युरो ९६ मध्ये १५ जून १९९६ ला वेम्बलीवर इंग्लंडने स्कॉटलंडला २-० हरवलं होतं, स्कॉटलंडच्या मॅकॲलिस्टरची पेनल्टी अडवली गेली आणि लगेच इंग्लंडच्या गॅस्कॉइनने गोल मारला, तोच तो वीकेंड. आपल्याकडे कुठल्या मॅचनंतर गल्लीत कसं सामसूम होतं ते आठवा, म्हणजे त्या शनिवारचा मूड कळेल.

इथे कान द्यायची गोष्ट म्हणजे काही घडत नाही. गोष्टीत वळण नाही, धडा नाही. पण माणसांची नावं खरी वाटतात, वार बरोबर, कोण कुठे झोपलं ते बरोबर. शेवटी शेवटी सगळे मिळून गायला लागतात तेव्हा उगाच गळा दाटतो, आणि का दाटला ते सांगता येत नाही.

पायरी ५: फिलोफोबिया, पण तयारीने

नावाचा अर्थ प्रेमात पडायची भीती. कव्हरवर नग्न माणसाचं पेंटिंग आहे, तेव्हा लोकलमध्ये फोन उघडताना जपून. आता तुम्ही म्हाताऱ्या होत चाललेल्या एडनला ओळखता, तर या पंचविशीच्या पोराला भेटा. तो मत्सरी आहे, प्रेयसीवर संशय घेतो, स्वतः वाईट वागतो आणि तेही सांगतो.

एक बाई म्हणून मला यातली काही वाक्यं पहिल्यांदा ऐकताना राग आला होता आणि तो राग चुकीचा नव्हता असं मी आजही म्हणेन. पण दोन गोष्टी हळूहळू लक्षात आल्या. एक, गाण्यातला "मी" आणि लिहिणारा माणूस यांत अंतर आहे, लिहिणाऱ्याला त्या "मी"चा क्षुद्रपणा नीट दिसतोय, त्याने तो मुद्दाम उजेडात ठेवलाय. दोन, तो स्वतःला सूट देत नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रेमगीतांत पुरुष बिचारा असतो, झुरतो, तिने फसवलेलं असतं, आणि त्याचं स्वतःचं काय चुकलं ते कधी येतच नाही. इथे ते येतं, पहिलं येतं. रोमँटिक नसणं म्हणजे प्रेम नसणं असा अर्थ इथे घेऊ नका, खूप लोक घेतात. मला तर वाटतं की तिच्या अंगावरच्या खुणा, तिने न सांगितलेली गोष्ट, भांडणानंतर कोणी दिवा घालवला, हे ज्याच्या लक्षात राहतं तो माणूस लक्ष देऊन बघत होता, आणि इतकं लक्ष देणं हे प्रेमच आहे.

व्यावहारिक सूचना: एका बैठकीत पूर्ण ऐकू नका, जड होतो. चार गाणी, मग दुसऱ्या दिवशी चार.

पायरी ६: हे लोकसंगीत कसं काय?

एडनचं हे लोकसंगीतच आहे असं मी म्हटलं की हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण स्कॉटिश लोकसंगीत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बॅगपाइप आणि डोंगर येतात. किंवा अठराव्या शतकातला स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स. त्याचं ऑल्ड लँग साइन तर आपल्याकडेही वाजतं, खडकवासल्याला एनडीएच्या पासिंग आउट परेडमध्ये कॅडेट्स शेवटची पावलं टाकतात ती त्याच धुनेवर. पण याच बर्न्सने चावट, उघडी लोकगीतंही गोळा केली होती आणि स्वतः लिहिलीही होती. तो १७९६ मध्ये गेला, त्यानंतर १७९९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, द मेरी म्यूझेस ऑफ कॅलिडोनिया. म्हणजे दारू, बिछाना, फसवणूक, पश्चात्ताप हे त्यांच्या लोकगाण्यात पहिल्यापासूनच आहे, एडनने बाहेरून आणलेलं नाही. आपण लावणीतला शृंगार ऐकतो तेव्हा तो नटलेला असतो, नजाकतीत गुंडाळलेला. एडनचं मला जास्त जात्यावरच्या ओवीजवळचं वाटतं. पहाटे दळता दळता बाई सासू, नवरा, दुखणारे हात, माहेर हे जसं आहे तसं जात्याला सांगते, कोणी ऐकावं म्हणून नाही. तोच खालचा आवाज.

या पायरीला व्हेअर यू आर मेन्ट टू बी ही २०१६ ची डॉक्युमेंटरी बघा, दिग्दर्शक पॉल फेगन. यात एडन जुन्या लोकगीतांना आजचे शब्द घालून स्कॉटलंडभर गात फिरतो. आणि वाटेत त्याला शीला स्ट्युअर्ट भेटते, फिरस्त्या ट्रॅव्हलर समाजातली मोठी गायिका, ब्लेअरगाउरीच्या स्ट्युअर्ट घराण्यातली, जिच्याकडे ही गाणी तोंडी परंपरेने आली. तिला त्याचं बदलणं मुळीच पटत नाही. दोघं वाद घालतात, गाणं जसं मिळालं तसंच पुढे द्यायचं की आपल्या काळाचं करायचं. शेवट ग्लासगोच्या बॅरोलँड हॉलमधल्या कार्यक्रमाकडे जातो. शीला डिसेंबर २०१४ मध्ये गेली, सिनेमा लोकांसमोर यायच्या आधीच. मी आधी पूर्ण एडनच्या बाजूने होते, बघून झाल्यावर तेवढी खात्री राहिली नाही. घरात कोणाला जुनी गाणी येत असतील तर त्यांच्यासोबत बसून बघा, पण सबटायटल लावून, आणि शिव्यांची कल्पना आधी देऊन.

पायरी ७: परत आलेले दोघं

२०२१ चा ॲज डेज गेट डार्क, ॲरब स्ट्रॅपचा तब्बल १६ वर्षांनी आलेला अल्बम. पहिलं गाणं द टर्निंग ऑफ अवर बोन्स मादागास्करच्या एका प्रथेवरून सुचलेलं, जिथे पूर्वजांना थडग्यातून बाहेर काढून नव्या कापडात गुंडाळतात आणि त्यांच्यासोबत नाचतात. त्याच अल्बममध्ये शहरात आलेल्या कोल्ह्यांची गोष्ट आहे, जी खरं तर स्थलांतरितांबद्दल आहे, परक्या देशात राहिलेल्या कोणालाही ती लागेल.

पण सगळं सोडून अनदर क्लॉकवर्क डे ऐका. रात्र आहे, घरातली ती झोपलीये, आणि हा माणूस कॉम्प्युटरवर नको ते बघायला बसतो. आपल्याला वाटतं आता आपल्याला लाज वाटेल असं काहीतरी येणार. तो बघत बघत जुन्या फोल्डरमध्ये शिरतो आणि तिथे फोटो आहेत तिचेच, आत झोपलेल्या बाईचेच, काही वर्षांपूर्वीचे. एवढंच. मी हे ऐकून दिवा लावला आणि उठून पाणी प्यायले. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या कोणालाही हे प्रेमगीत कसं आहे ते समजावून सांगावं लागणार नाही.

यानंतर हिअर लाइज द बॉडी घ्या, २०१८ चा, आर. एम. हबर्ट या गिटारवाल्याबरोबर. गिटारला फ्लॅमेन्कोचा, म्हणजे स्पेनच्या लोकसंगीताचा वास आहे, ऐकायला सगळ्यात सोपा. ॲरब स्ट्रॅपचा २०२४ चा अल्बम शेवटी ठेवा. तो चांगला आहे, पण आवाज मोठा आणि राग जास्त.

नेहमी होणाऱ्या चुका

मूड खराब असताना आधार म्हणून लावणं. हा माणूस पाठीवरून हात फिरवणारा नाही, ब्रेकअपच्या पहिल्या आठवड्यात तर अजिबात नको, महिनाभर जाऊ द्या.

नुसता साउंड ऐकणं. पार्श्वसंगीत म्हणून लावलं तर सगळी गाणी सारखी वाटतात. शब्द सोडले तर हातात फार काही उरत नाही.

२००८ चा आय कॅन हिअर युअर हार्ट पहिला उचलणं. तो पूर्ण बोलण्याचा, कवितांचा अल्बम आहे म्हणून लोकांना वाटतं स्पोकन वर्ड समजायला हाच बरा. त्याच्यात छोटे छोटे, फार उघडे तुकडे आहेत, ओळख नसताना अंगावर येतात. सातव्या पायरीनंतर.

आणि ज्यांना असं लिहून बघायचंय त्यांच्यासाठी, मी जे करते ते सांगते. गेल्या शनिवारी रात्री आठ ते बारा काय झालं ते लिहा, वेळेसकट. "जणू", "जसं की" असं जिथे आलंय ते वाक्य खोडा. जिथे तुम्ही चांगले दिसताय ते वाक्यही खोडा. मग उरलेलं फोनवर रेकॉर्ड करा, बाजूच्या खोलीत कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये अशा आवाजात.